ब्रिटनमधली रानरासबेरी: ओळखायची कशी, वेचायची कधी, लावायची कुठे

जुलैच्या मध्यावर ब्रिटनमधल्या कुठल्याही जंगलाच्या कडेने चालत गेलात, तर वाटेच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी, कुठे डोक्याएवढी झुडपं दाटलेली दिसतील. नव्या माणसाला ती सगळी एकसारखीच वाटतात: हिरवी, काटेरी, हाताला ओरखडे काढणारी. त्यातलंच एखादं झुडूप रासबेरीचं असतं. फळं पानांखाली, तोंड जमिनीकडे करून लटकलेली असतात, त्यामुळे उभ्याने बघणारा सरळ पुढे निघून जातो. मीही पहिली दोन वर्षं तशीच पुढे निघून गेले होते.

ही रासबेरी इथलीच, मूळची. ग्लासगोजवळच्या बेअर्सडेन इथे रोमन सैनिकांचा किल्ला होता. त्याच्या खंदकात साचलेला शौचालयाचा मैला पुरातत्त्वज्ञांनी तपासला, तेव्हा त्यात रासबेरीच्या बिया सापडल्या. म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, थंडीवाऱ्यात रोमन साम्राज्याच्या सीमेवरची भिंत राखणारे ते शिपाईसुद्धा आजूबाजूच्या रानातून हीच फळं तोडून खात होते. बागेतल्या मोठ्या लाल रासबेरीच्या बऱ्याचशा जाती याच रानटी झुडपाच्या वंशातल्या. शास्त्रीय नाव रूबस इडियस, 1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने नोंदवलेलं. कुळ गुलाबाचं.

या झुडपाबद्दल एक गोष्ट नीट कळली की बाकीचं सगळं सोपं होत जातं. मूळ वर्षानुवर्षं जगतं, पण जमिनीवर उभा असलेला प्रत्येक फोक, म्हणजे काठीसारखा दांडा, फक्त दोन वर्षं जगतो. पहिल्या वर्षी तो वाढतो, दुसऱ्या वर्षी फुलतो, फळतो आणि मरतो. कुठे शोधायचं, कधी तोडायचं, काय छाटायचं आणि काय अजिबात छाटायचं नाही, हे सगळं त्या दोन वर्षांच्या हिशेबावर चालतं.

आधी उजेड शोधा

दाट जंगलाच्या आत रासबेरी शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे ती तग धरून असते, पण फळ नावापुरतं. तिला हवी असते नुकतीच उघडी झालेली जागा. वादळात झाडं पडलेली असतील, लाकडासाठी तोड झालेली असेल, जंगलखात्याने ट्रक जाण्यासाठी रस्ता काढला असेल, तर तिथे दोन-तीन वर्षांनी जा. स्कॉटलंडमधल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लागवडींच्या कडा, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे उतार, गावाबाहेरच्या रस्त्यांचे बांध, जंगलातून गेलेल्या रुंद गवताळ वाटा, ही तिची हमखास ठिकाणं. देशभर ती सापडते, पण उत्तरेकडे गेलात तर जास्त भरघोस.

यामागचं कारण मला फार आवडतं. पक्षी फळं खातात आणि बिया जंगलभर टाकत फिरतात. त्या बिया सावलीतल्या मातीत कित्येक वर्षं, कधी कधी अनेक दशकं, नुसत्या पडून राहतात. वरचं झाड पडतं, ऊन जमिनीपर्यंत पोचतं, माती तापते, कुजणाऱ्या पाचोळ्यातला नत्र मोकळा होतो, आणि बी जागं होतं. एकदा मूळ धरलं की झुडूप जमिनीखालून आडवं पसरत जाऊन मुनवे, म्हणजे मुळांतून वर येणारे नवे कोंब, काढतं. बघता बघता जाळी तयार होते. मग हळूहळू नवी झाडं वाढतात, सावली परत येते, आणि जाळी विरळ होऊ लागते. म्हणून पाच-सहा वर्षांपूर्वी भरभरून फळं देणारी जागा आज रिकामी दिसली, तर कुणी झुडपं उपटली असं समजू नका. जंगल पुन्हा मोठं झालंय, एवढंच. शेजारी दुसरी मोकळी जागा शोधा.

लांबून ओळखण्यासाठी सोबती बघा. उंच, गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांचं रोझबे विलोहर्ब आणि घंटेसारख्या फुलांचं फॉक्सग्लोव्ह हे दोन्ही अशाच उघड्या पडलेल्या जमिनीवर येतात. तो गुलाबी पट्टा दिसला की मी वाट सोडून जवळ जाते. मात्र फॉक्सग्लोव्हचं पान, फूल, बी सगळंच विषारी असतं, हे लक्षात असू द्या. पिशवीत त्याचं पान चुकूनही येऊ देऊ नका.

पान उलटून बघा

जवळ पोचल्यावर पहिलं काम: एक पान धरा आणि उलटं करा. रासबेरीच्या पानाची खालची बाजू पांढरट असते, बारीक लव दाबून बसवलेल्या कापडासारखी. वारा आला की अख्खी जाळी क्षणभर चंदेरी होते. शेजारच्या ब्लॅकबेरीच्या, म्हणजे इथे ज्याला ब्रँबल म्हणतात त्याच्या काही प्रकारांतही पानाखाली पांढरी झाक असते, म्हणून एवढ्यावरच थांबायचं नाही.

दुसरी खूण पानाच्या मांडणीची. रासबेरीच्या एका पानात तीन, पाच, कधी सात पर्णिका असतात, आणि पाच असतील तेव्हा त्या गुलाबाच्या पानासारख्या एका दांडीवर समोरासमोर जोड्यांनी लागतात, टोकाला एकटी. ब्रँबलच्या पाच पर्णिका पंजाच्या बोटांसारख्या एकाच ठिकाणाहून फुटतात. हा फरक एकदा हातात घेऊन पाहिला की पुन्हा चुकत नाही.

तिसरी खूण फोकाची. रासबेरीचा फोक गोल, सरळ वर जाणारा, टोकाला किंचित झुकलेला असतो. त्यावरचे काटे बारीक, सरळ, केसांसारखे असतात आणि हाताने हलकेच धरला तर फारसं टोचत नाही. ब्रँबलचा फोक जाड, कोनदार, कमानीसारखा वाकून जमिनीला टेकणारा, आणि त्याचे काटे वाकडे आकडेच असतात. करवंदाच्या जाळीत बाही अडकलेल्या माणसाला त्या आकड्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको.

शेवटची आणि सगळ्यात पक्की खूण फळाची. पिकलेली रासबेरी चिमटीत धरून हलकेच ओढली की हातात येते ती पोकळ टोपी. आतली पांढरी, शंकूसारखी खुंटी झुडपावरच राहते. ब्लॅकबेरीत ती खुंटी फळाबरोबर तुटून येते. ही रासबेरीची टोपी डोळ्यांजवळ धरून बघा. साठ-सत्तर, कधी शंभरच्या आसपास लहान लहान मणी एकमेकांना चिकटलेले दिसतील. प्रत्येक मणी म्हणजे एक वेगळं फळ, आत त्याचं स्वतःचं बी. मण्यांवर अगदी बारीक केस असतात, ते एकमेकांत गुंततात आणि त्यामुळे अख्खी टोपी सुटी होत नाही.

जवळची आणखी एक नातेवाईक म्हणजे ड्यूबेरी. जमिनीसरपट असते, मणी मोजके आणि मोठे, त्यावर निळसर राखाडी लेप. तीही खाता येते.

विषारी लाल फळांची भीती नव्या माणसाला वाटतेच, आणि ती वाटायलाच हवी. लॉर्ड्स अँड लेडीज, ब्लॅक ब्रायोनी, बिटरस्वीट या तिन्ही झाडांची लाल फळं इथल्या कुंपणांतून दिसतात आणि तिन्ही विषारी आहेत. पण त्यांचा प्रत्येक दाणा गुळगुळीत, चकचकीत आणि एकसंध असतो. मण्यांची पोकळ टोपी त्यांपैकी एकाचीही होत नाही. फळ ओढल्यावर मागे पांढरी खुंटी राहिली नाही, तर ते तोंडात टाकू नका. मुलांना हाच एक नियम शिकवा.

फोकाचं वय वाचा

आता मुख्य गोष्ट. जुलैत एकाच जाळीत दोन पिढ्या शेजारी उभ्या असतात.

यंदाचा फोक हिरवट किंवा लालसर, लुसलुशीत, सरळसोट असतो. मोठी पानं, बाजूला फांद्या नाहीत, फूल नाही, फळ नाही. गेल्या वर्षीचा फोक तपकिरी, टणक. त्याची साल जागोजागी सुटत असते. त्याच्या प्रत्येक डोळ्यातून आखूड फांदी फुटलेली असते आणि फळं त्या फांद्यांवर असतात. फळं संपली की महिन्याभरात तो राखाडी होऊन वाळतो. त्याच सुमारास यंदाचा फोक तपकिरी होऊ लागतो, पानं गाळतो आणि पुढच्या उन्हाळ्याची तयारी करतो.

हिवाळ्यात इथेच घोटाळा होतो. माझा झाला. ओळखीच्या एका आजींच्या कुंपणात रासबेरीची मोठी जाळी होती. जानेवारीत मी मदत म्हणून ती साफ करायला घेतली. सगळेच फोक वाळक्या काड्यांसारखे दिसत होते. मी सगळे जमिनीलगत कापले आणि कुंपण स्वच्छ दिसतंय म्हणून खूश झाले. त्या जुलैत तिथे एकही फळ आलं नाही. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा उन्हाळाभराचा मुरांबा मी कापून टाकला होता, हे मला कळलं.

तेव्हापासून कात्री लावण्याआधी दोन गोष्टी बघते. नखाने साल जराशी खरवडायची. खाली ओलसर हिरवं दिसलं तर फोक जिवंत आहे, त्याला हात लावायचा नाही. आणि बाजूच्या फांद्या शोधायच्या: वाळलेल्या आखूड फांद्या आणि त्यांच्या टोकाला जुन्या फळामागच्या निदलांच्या सुकलेल्या चांदण्या असतील, तर त्या फोकाचं काम झालेलं आहे. तो वाकवला की कडकन मोडतो.

अजून सोपी युक्ती म्हणजे सप्टेंबरात, फरक स्पष्ट दिसत असतानाच, नव्या फोकांना लोकरीचा रंगीत धागा सैलसर बांधून ठेवणं. जंगलात नव्हे, अर्थातच. घरच्या किंवा ओळखीच्या कुंपणात.

फुलांच्या दिवसांत एक फेरी मारा

मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत रासबेरी फुलते, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. पाकळ्या पाच, पांढऱ्या, अरुंद, हिरव्या निदलांहून मोठ्या नसलेल्या. फूल मान खाली घालून असतं. पण कान द्या. फुललेल्या रासबेरीच्या जाळीतून सतत गुणगुण येत असते, कारण फुलांत मध भरपूर असतो आणि केसाळ भुंगे, मधमाश्या दिवसभर तिथेच असतात. मी नव्या जागा जूनमध्ये अशा कानाने शोधते आणि जुलैत तिथे परत जाते.

फळातला प्रत्येक मणी स्वतंत्रपणे फलित व्हावा लागतो. त्या आठवड्यात पाऊस-थंडी राहिली आणि भुंगे कमी आले, तर फळं वेडीवाकडी होतात, हातात घेताच मणी सुटतात. चवीला ती ठीकच असतात.

तोडायला जाताना

अंगभर कपडे घाला, पायजम्याची टोकं मोज्यांत खोचा. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, कमरेला, केसांच्या कडेला नीट बघा. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीजवळ धरून सावकाश सरळ वर ओढा. नंतर काही आठवड्यांत तिथे पसरणारा लाल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगा.

भांडं उथळ आणि रुंद न्या. खोल पिशवीत खालची फळं वरच्यांच्या वजनाने चिरडतात. दव सुकल्यावर, म्हणजे साधारण दहानंतर तोडा. ओलं फळ संध्याकाळपर्यंत बुरशी धरतं. खाली वाका, फोक हाताच्या पाठीने वर उचला आणि खालून बघा. उभ्याने जिथे चार फळं दिसली होती, तिथे चाळीस दिसतील.

फळाला ओढायचं नाही, फक्त विचारायचं. बोटांनी हलकेच धरल्यावर आपणहून सुटलं तर पिकलेलं. अडून राहिलं तर दोन दिवसांनी या. रासबेरी तोडल्यावर पिकत नाही. फिकट गुलाबी तोडून आणलेली फळं घरी खिडकीत ठेवली तर ती मऊ पडतात, गोड होत नाहीत. कधी कधी पिवळसर फळांचं झुडूप सापडतं. तो याच जातीचा एक प्रकार आहे, तितकाच खाण्याजोगा.

गर्दीच्या वाटेवर कुत्र्यांच्या उंचीपर्यंतची फळं सोडा. मोठ्या रस्त्यांच्या अगदी काठची आणि फवारणी झालेल्या शेतबांधावरचीही सोडा. आणि जाळी पूर्ण ओरबाडू नका. ब्लॅकबर्ड, थ्रश, उंदीर, कोल्हे, बॅजर सगळे याच फळांवर येतात, आणि पुढची जाळी कुठे उगवणार हे त्यांच्याच पोटातून ठरतं.

कायदा काय म्हणतो

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1968 च्या चोरीविषयक कायद्याच्या कलम 4(3) नुसार, रानात आपोआप वाढलेल्या झाडाची फळं, फुलं, पानं तोडणं ही चोरी धरली जात नाही, जोवर ती विकण्यासाठी किंवा अन्य व्यापारी हेतूने तोडलेली नाहीत. याचा अर्थ कुणाच्याही जमिनीत शिरायची मुभा मिळते असा मात्र नाही. सार्वजनिक पायवाटेवरून हाताला येतील ती तोडा. राखीव निसर्गक्षेत्रांत स्वतंत्र नियम असू शकतात. दारावरची पाटी वाचा. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने फिरण्याचा बराच मोकळा हक्क दिलेला आहे.

मुळासकट उपटणं ही वेगळी गोष्ट. 1981 च्या वन्यजीव आणि ग्रामीण क्षेत्र कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड उपटायला बंदी आहे. एक छोटासा मुनवासुद्धा नाही.

घरी आणल्यावर

फळं लगेच एका पांढऱ्या ताटात पसरा आणि अर्धा तास तशीच ठेवा. रासबेरी बीटल नावाचा लहानसा तपकिरी भुंगेरा फुलांवर अंडी घालतो आणि त्याची फिकट अळी, जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटरची, फळाच्या पोकळीत असू शकते. पांढऱ्यावर ती चालू लागली की दिसते. खाल्ली गेली तरी अपाय नाही. धुवायचं ते खाण्याच्या अगदी आधी, चाळणीत, हलक्या पाण्याने.

रानातली रासबेरी फ्रीजमध्ये एक-दोन दिवस टिकते. जास्त असतील तर ताटात सुट्या मांडून गोठवा, कडक झाल्या की डब्यात भरा. म्हणजे गोळा होत नाही. मुरांब्यासाठी फळांच्या वजनाइतकी साखर पुरते. साखर विरघळल्यावर जोरात उकळा, थंड बशीवर थेंब टाका, बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की उतरवा. जास्त उकळलात तर रंग काळपट होतो आणि तो वास, ज्यासाठी एवढे ओरखडे सोसले, उडून जातो.

पानांचा चहाही करतात. गरोदर बाईने मात्र दाईला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये.

कुंपणात लावायची असेल तर

रोप देशी झुडपांच्या रोपवाटिकेतून घ्या, किंवा ज्यांच्या कुंपणात निरोगी जाळी आहे त्यांच्याकडून मुनवा मागा. शेजारी बागेतल्या मोठ्या फळांची रासबेरी असेल तर रानातली तिच्या जवळ लावू नका. रानटी झुडपांत विषाणूजन्य रोग वर्षानुवर्षं मुक्काम करून असतात आणि मावा ते पसरवतो.

नोव्हेंबर ते मार्च, झुडूप झोपलेलं असताना लागवड करा. माती किंचित आम्लधर्मी, निचऱ्याची हवी. पाणी साचणाऱ्या जागी मुळं कुजतात. चुना जास्त असलेल्या मातीत पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मुळं उथळ, पाच-सात सेंटिमीटर खोल पसरवून लावा, दोन रोपांत अर्ध्या मीटरच्या आसपास अंतर ठेवा, आणि फोक 25-30 सेंटिमीटरवर कापा. वर पाचोळ्याचं आच्छादन द्या. जागा देताना हात सैल ठेवा, कारण दोन वर्षांत मुनवे हातभर लांब निघतील. नको असलेला मुनवा कोवळा असतानाच ओढून काढा.

पुढची देखभाल म्हणजे फळलेले फोक कापणं, एवढीच. मार्च ते ऑगस्ट जाळीत पक्ष्यांची घरटी असतात, म्हणून मी सप्टेंबर उजाडू देते. सगळेच जमिनीलगत कापत नाही. काही फोकांचे वीतभर खुंट ठेवते. त्यांच्या आतला मऊ गाभा कोरून एकट्या राहणाऱ्या लहान मधमाश्या तिथे घर करतात.

लागवडीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात फळ शोधू नका, झुडूप बरोबर चाललेलं आहे. त्या उन्हाळ्यात मुळांतून नवे फोक येतील. सप्टेंबरात त्यांना धागा बांधा. जानेवारीत ते वाळक्या काड्यांसारखे दिसतील, तेव्हा कात्री घरातच राहू द्या. फळं येतील ती त्या धागा बांधलेल्या फोकांवर, पुढच्या जुलैत.